‘डंगरी’ शब्दाचें कूळ

एका देशाचें कापड दुसऱ्या देशांत गेलें म्हणजे त्याच्या गाठोड्यांतून त्याचें नांवही जातें. कापड कालांतरानें झिजतें, फाटतें, चिंध्या होऊन जातें. नांव मात्र परक्या मुलुखांत घर करून राहतें. इंग्रजी भाषेंतील वस्त्रांचीं नांवें पाहिलीं म्हणजे याचा प्रत्यय येतो. कॅलिको हें कालिकतचें, मस्लिन हें इराकांतील मोसलचें, कॅम्ब्रिक हें फ्रान्समधील कांब्रे गांवचें, डमास्क हें दमास्कसचें. चिंट्झ म्हणजे छीट, बँडाना म्हणजे बांधणी, आणि ज्यूटच्या पोत्याला इंग्रज व्यापारी जें ‘गनी’ म्हणतो, ती मराठी गृहिणीच्या कोठारांतील गोणीच होय. या नांवांच्या मेळाव्यांत पश्चिम किनाऱ्यावरून गेलेला एक शब्द आहे. तो रेशमाचा नाहीं, मलमलीचा नाहीं. अगदीं गरिबाच्या अंगावरचा आहे. तो शब्द म्हणजे ‘डंगरी’.

इंग्रजींत हा शब्द निरनिराळ्या अर्थांनीं वावरतो. मूळ अर्थ जाड, भरड, टिकाऊ सुती कापड, बहुधा निळीच्या रंगांत रंगविलेलें. पुढें त्या कापडाच्या कामाच्या कपड्यांसच अनेकवचनीं ‘डंगरीज्’ म्हणूं लागले. खलाशी, यंत्रावरचे कामगार, बोटीच्या भट्टीजवळ राबणारे लोक यांचा तो पोशाख. इंग्लंडांत आज या नांवानें छातीवर फडका व खांद्यांवर पट्टे असलेली विजार ओळखली जाते, तर अमेरिकेंत निळ्या जीनच्या तुमानीस हें नांव पुष्कळ वर्षें चाललें. एवढा मोठा पसारा ज्या शब्दाचा, त्याचें कूळ कोठलें हें पाहूं गेलें असतां वाट मुंबईच्या एका टेकडीपाशीं येते, आणि तेथून खाडी ओलांडून रायगडच्या किनाऱ्याकडे वळते.

हिंदुस्थानांतून इंग्रजींत गेलेल्या शब्दांचा प्रसिद्ध कोश ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा यूल व बर्नेल या दोघां पंडितांनीं १८८६ सालीं प्रसिद्ध केला. (या कोशाचें नांवही गमतीचें आहे, मोहरमांतील ‘या हसन, या हुसेन’ या घोषाचें गोऱ्या शिपायांनीं केलेलें तें रूप.) १९०३ सालीं विल्यम क्रुक यानें त्याची वाढविलेली आवृत्ति काढली. मूळ संपादकांनीं ‘डंगरी’ हें एक हलक्या प्रतीचें जाड सुती कापड असें सांगितलें; पण आपणांस माहीत असलेल्या कोणत्याही कोशांत हा शब्द सांपडत नाहीं, असेंही लिहिलें. ती उणीव क्रुकनें भरून काढली, आणि तिच्यासाठीं त्याला मराठीकडेच यावें लागलें. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशांत, ज्याची पहिली आवृत्ति १८३१ सालीं व दुसरी १८५७ सालीं निघाली, ‘डोंगरी कापड’ असा शब्द नमूद आहे. त्याचा आशय असा कीं, मुंबईच्या डोंगरी किल्ल्यालगतच्या वस्तींत विकलें जाणारें साधें देशी कापड तें मूळचें डोंगरी कापड. पुढें हलक्या व स्वस्त अशा कोणत्याही सुती कापडास तें नांव पडलें.

मोल्सवर्थची ही नोंद फार मोलाची आहे. त्याच्या कोशाच्या कामीं महाराष्ट्रांतील शास्त्री-पंडित राबले होते, आणि बाजारांतील, शेतांतील, घरांतील बोलीचे शब्द त्यांनीं काळजीपूर्वक टिपले. तेव्हां एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मराठी माणूस ‘डोंगरी कापड’ म्हणत असे व तें मुंबईच्या डोंगरीशीं जोडीत असे, यांत संशय नाहीं. हा डोंगरी किल्ला म्हणजे इंग्रजांचा फोर्ट जॉर्ज. १७६९ सालीं तो मुंबईच्या कोटाच्या उत्तर अंगास बांधला गेला आणि १८६२ नंतर कोटाच्या भिंती पाडल्या तेव्हां तोही गेला. त्याचा एक अवशेष सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारांत उरला आहे. इंग्रजांनीं त्याला आपल्या राजाचें नांव दिलें, परंतु लोकांच्या तोंडीं डोंगरी हेंच नांव राहिलें. कारण टेकडी आधींची होती आणि राजा नंतरचा.

असें असलें तरी, कोशांत नोंद सांपडली म्हणजे शब्दाची वंशावळ पुरी झाली असें होत नाहीं. कोश हा साक्षीदार असतो. आणि साक्षीदार ज्या काळीं उभा आहे, त्याच्या दोनशें वर्षें आधींची हकीकत त्याच्या तोंडून आली तर ती ताडून पाहावी लागते.

ताडून पाहण्यास साधन आहे. जॉन सॅरिस नांवाचा इंग्रज कप्तान १६१३ सालीं ‘क्लोव्ह’ नांवाचें जहाज घेऊन मोलुक्का बेटांवरून जपानला गेला. त्या बेटांत लवंगांची खरेदी नाण्यांनीं नव्हे, कापडानें होत असे. कोणत्या कापडाच्या बदल्यांत किती कट्टी लवंगा मिळतात याची यादी सॅरिसनें लिहून ठेविली असून तींत ‘डोंगेरिन’ असें नांव आहे. त्याच्या उत्तम प्रतीस बारा कट्टी लवंगा मिळत. इंग्रजी लेखनांत या शब्दाचा हा फार जुना उल्लेख होय. आतां १६१३ सालीं मुंबईची स्थिति काय होती? बेट पोर्तुगीजांच्या ताब्यांत होतें. इंग्रजांचा तेथें अंमल १६६५ सालीं बसला व ईस्ट इंडिया कंपनीच्या हातीं तें १६६८ सालीं आलें. फोर्ट जॉर्ज उभा राहण्यास तर अजून दीडशें वर्षांहून अधिक काळ जावयाचा होता. शिवाय सॅरिस ज्या मालाची यादी देतो, तो खंबायत व चोळमंडळ किनाऱ्याचा म्हणून सांगतो. मुंबईचें नांव घेत नाहीं.

दुसरा साक्षीदार डॉक्टर जॉन फ्रायर. हा १६७३ सालीं हिंदुस्थानांत आला. किनाऱ्यावरील कोणत्या बंदरांत कोणता माल मिळतो याची तो जंत्री देतो, आणि डंगरी कापड तो कारवारच्या नांवावर, मिऱ्यांच्या शेजारीं टाकतो. म्हणजे सतराव्या शतकांत हें कापड खंबायतेपासून कारवारपर्यंत साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर निघत होतें आणि त्याचें नांव मलाया द्वीपसमूहांतील लवंगांच्या बाजारांतही ठाऊक होतें.

मग डोंगरीचा हक्क खोटा ठरतो काय? तसें एकदम म्हणणें हेंही उतावळेपणाचें होईल. हिंदीच्या प्लॅट्सकृत कोशांत, जो १८८४ सालीं निघाला, ‘डुंगरी’ म्हणजे जाडेंभरडें कापड असा अर्थ दिला आहे. तेव्हां शब्द मुंबईबाहेरही रुळलेला होता. ‘डोंगर’ व गुजरातींतील ‘डुंगर’ हे शब्द सख्खे भाऊ. डोंगराकडील तें डोंगरी, अर्थात् रांगडें, असाही अर्थ सहज निघूं शकतो. ‘गांवठी’ शब्दास मराठींत जी छटा आहे तीच येथें असणें अशक्य नाहीं. कापडाचें नांव आधींपासून किनाऱ्यावर चालू असावें, मुंबईचा व्यापार वाढला तेव्हां डोंगरीच्या बाजारांत त्याची विक्री होऊं लागावी, आणि नांव व जागा यांचा मेळ पाहून लोकांनीं तें बाजाराचेंच ठरवावें, असें घडलें असल्यास सॅरिसची यादीही खरी ठरते आणि मोल्सवर्थची नोंदही खोटी पडत नाहीं. निश्चयानें इतकेंच म्हणतां येतें कीं, शब्द पश्चिम किनाऱ्याचा आहे, त्याच्या पोटांत ‘डोंगर’ आहे, आणि एकोणिसाव्या शतकांतील मराठी माणसाच्या मनांत तो डोंगर मुंबईचा होता.

नुसत्या ध्वनीच्या साम्यावर विसंबून कूळ ठरविणें किती धोक्याचें असतें याचें उत्तम उदाहरण याच किनाऱ्यावर मिळतें. अलिबागच्या दक्षिणेस कुंडलिकेच्या मुखाशीं चौल व रेवदंडा हीं जोडगांवें आहेत. ‘चौल’ आणि इंग्रजी ‘शॉल’ यांचा उच्चार इतका जवळचा वाटतो कीं, एखाद्या हौशी व्युत्पत्तिकारानें दोहोंचें नातें जोडल्यास नवल नाहीं. परंतु ‘शॉल’ हा फारसी ‘शाल’पासून आला, आणि त्याचा चौलशीं संबंध नाहीं. अशीच फसगत ‘शालू’ व इंग्रजी ‘शलून’ या दोन कापडांच्या नांवांनीं थोर पंडितांचीही केली. यूल व बर्नेल यांस प्रथम ‘शलून’ हें हिंदी नांवाचेंच रूपांतर वाटलें होतें. पुढें तें फ्रान्समधील शालों गांवावरून आल्याचें इतर कोशकार सांगतात, असें त्यांनीं स्वतःच नमूद केलें.

शब्दाचें नातें नसलें तरी चौलचें आणि कापडाचें नातें मात्र जुनें आहे. ख्रिस्ती शकाच्या पहिल्या शतकांतील ग्रीक खलाशांच्या मार्गदर्शक ग्रंथांत कल्याणच्या खालचें बंदर म्हणून ‘सेमिल्ला’चें नांव येतें, अरबांनीं त्याला ‘सैमूर’ म्हटलें. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी चौल बंदरीं उतरला. त्याच्या डोळ्यांत प्रथम भरला तो लोकांचा वेष. सामान्य जन जवळजवळ उघडेच फिरतात. राजाच्या डोक्यावर एक वस्त्र व कमरेस दुसरें, सरदारांच्या खांद्यावर एक व कमरेस दुसरें, असें तो लिहितो. एका वस्त्राच्या कमी-अधिकानें माणसाची पायरी ओळखावी, असा तो काळ होता.

१५२१ सालीं पोर्तुगीजांनीं रेवदंड्यास कोट बांधण्यास आरंभ केला आणि पुढें सुमारें शतकभर चौलच्या मागांची कीर्ति समुद्रापार गेली. डच प्रवासी लिन्स्कोटेन हा सोळाव्या शतकाच्या अखेरीस येथील रेशमी वस्त्रांचें वर्णन करतो. चीनहून कच्चें रेशीम आणून त्याचें नाना प्रकारचें कापड चौलास विणीत. सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकांत आलेला फ्रेंच प्रवासी पिरार तर सांगतो कीं, गोव्याची व हिंदुस्थानची रेशमाची गरज चौलचा माल जवळजवळ एकटाच भागवितो. पुढें पोर्तुगीजांची सत्ता खचली, मराठ्यांचे व सिद्दीचे संग्राम त्या किनाऱ्यावर पेटले आणि विणकरांना सुरक्षित जागा शोधणें भाग पडलें. १६७० च्या सुमारास, जेराल्ड ऑन्जियरच्या कारकीर्दीच्या काळांत, चौलचे विणकर मुंबईस येऊन राहिले आणि त्यांच्या वस्तीकरितां जकातीच्या नाक्यापासून कोटाच्या दिशेनें एक रस्ता आंखला गेला. मुंबई शहराच्या वाढीच्या आरंभींच्या रस्त्यांत त्याची गणना होते. १७४० सालीं चौल मराठ्यांकडे आलें. पण तोंवर व्यापाराची लक्ष्मी खाडी ओलांडून मुंबईस गेलेली होती.

चौलचे हे कारागीर रेशीम विणणारे होते. तेव्हां डोंगरी कापड त्यांनींच विणलें असें म्हणणें म्हणजे पुन्हां त्याच मोहांत पडणें होय. त्यांच्या स्थलांतरावरून एवढेंच दिसतें कीं, मुंबईचा कापडबाजार आकाशांतून पडला नाहीं. समोरच्या किनाऱ्यावरील मागांचा, हातांचा व अनुभवाचा तो वारसदार होता. डोंगरी टेकडीचें या किनाऱ्याशीं दुसरेंही एक नातें आहे, पण तें तोफांचें. १६८९ सालीं जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान मुंबईवर चालून आला, तेव्हां त्यानें याच टेकडीवर मोर्चे लावून इंग्रजांच्या किल्ल्यावर मारा केला. १६९० च्या जून महिन्यांत तो परत गेला.

कापडाकडे वळलें म्हणजे डंगरीच्या टिकाऊपणाचें कारण तिच्या विणीत सांपडतें. हॉब्सन-जॉब्सनमध्यें असें सांगितलें आहे कीं, या कापडांत एका धाग्याच्या जागीं दोन किंवा अधिक धागे एकत्र धरून विणीत. मराठींत अशा कापडास ‘दुसुती’ म्हणतात. सूत हातानें कातलेलें, कोठें जाड कोठें बारीक, त्यामुळें एकेरी धागा कमजोर जागीं तुटावयाचा. दोन धागे जोडीनें चालविले कीं एकाची उणीव दुसरा भरून काढतो, ताण दोघांत वांटला जातो व वीण दाट बसते. म्हणजे हलक्या सुतापासून भक्कम कापड काढण्याची ती युक्ति होती. यांतील जरा बरें कापड गरीब लोक अंगावर घालीत. अगदीं भरड तें तंबूंस व देशी गलबतांच्या शिडांस लागे.

शिडांस लागे, या दोन शब्दांतच डंगरीच्या पुढील साऱ्या प्रवासाचें बीज आहे. रेवस, मांडवा, अलिबाग, रेवदंडा या बंदरांचें जीवन शिडांवर चाले. कुलाब्याच्या आंगऱ्यांचीं गुराबें व गलबतें ज्या समुद्रावर फिरलीं, त्याच समुद्रावर भात, मीठ व मासळी घेऊन मचवे मुंबईस जात. इंग्रजांनीं गुराबेस ‘ग्रॅब’ व गलबतास ‘गॅलिव्हॅट’ म्हणून आपल्या भाषेंत घेतलें. तीं नांवें त्या जहाजांबरोबर इतिहासजमा झालीं. शिडाचें कापड मात्र खलाशाच्या अंगावर चढलें. जें वाऱ्याचा मार व खारें पाणी सोसतें, तें माणसाच्या गुडघ्यांवर व कोंपरांवरही टिकतें, हें समजावयास जहाजावरील माणसाला कोणी पंडित लागला नाहीं.

येथून हा शब्द जगभर पसरला. ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्सच्या वसाहतींत आरंभींचे दरिद्री शेतकरी हिंदुस्थानांतून आलेलें हें निळें कापड वापरीत. त्यांस ‘डंगरी सेटलर’ असें नांवच पडलें, आणि पीटर कनिंगहॅम यानें १८२७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकांत त्याची नोंद केली. पहिल्या महायुद्धांत, १९१५ च्या नोव्हेंबरमध्यें, क्वीन्सलंडमधील वॉरिक गांवाहून ब्रिस्बेनपर्यंत सैन्यभरतीसाठीं जो पायीं मोर्चा निघाला, तो ‘डंगरीज्’ याच नांवानें प्रसिद्ध आहे. कारण नव्या भरतीच्या लोकांस प्रथम हाच निळा पोशाख मिळे. अमेरिकेच्या आरमारानें १९०१ सालीं डेनिमच्या कामाच्या कपड्यांस संमति दिली, आणि खलाशांच्या बोलींत तेही ‘डंगरीज्’च झाले. वास्तविक डेनिम हें निराळें कापड. त्याचें नांव फ्रान्समधील नीम शहरावरून आल्याचें मानतात, व ‘जीन’चें इटलींतील जेनोआवरून. त्याची वीण तिरकस, ताणा निळा व बाणा पांढरा. पण ज्याला काम करावयाचें आहे तो विणीचा भेद पाहत नाहीं. कापड निळें, जाड व स्वस्त असलें म्हणजे त्याला तें एकच.

‘स्वस्त’ हा शब्द मात्र सर्वकाळ खरा राहिला नाहीं. गव्हर्नर बार्टल फ्रियर यांची कन्या मेरी फ्रियर हिनें १८६८ सालीं दख्खनच्या लोककथांचें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्या कथा सांगणाऱ्या ॲना लिबराता डिसूझा या आयेचें आत्मवृत्तही त्यांत दिलें आहे. पूर्वींची स्वस्ताई सांगतांना ती म्हणते कीं, ज्या डंगरीला आतां वाराला अर्धा रुपया पडतो, ती तेव्हां रुपयाला वीस ते चाळीस वार मिळे. म्हाताऱ्या माणसाच्या स्मरणांत स्वस्ताईला थोडा रंग चढतो हें खरें. तथापि १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळांत हिंदुस्थानचा कापूस लँकेशायरकडे ओढला जाऊन येथील भाव भडकले होते, हेंही तितकेंच खरें. मुंबईच्या कांहीं व्यापाऱ्यांच्या घरीं त्या वर्षांत सोन्याचा पाऊस पडला. तोच पाऊस गरिबाच्या अंगावरचें कापड दसपट महाग करून गेला, हें या आयेच्या एका वाक्यावरून कळतें. आर्थिक इतिहासाच्या जाड ग्रंथांत अशी साक्ष क्वचितच मिळते.

शब्दांच्या इतिहासांतील न्याय मोठा विचित्र असतो. चौलचें रेशीम गोव्याच्या फिडाल्गोंनीं व दरबारांतील श्रीमंतांनीं अंगावर मिरविलें, प्रवाशांनीं त्याची स्तुति केली. परंतु इंग्रजीच्या नित्य व्यवहारांत चौलचें नांव उरलें नाहीं. ज्या कापडाची कोणी स्तुति केली नाहीं, ज्याची नोंद कप्तानांनीं लवंगांच्या हिशेबांत व वैद्यांनीं मिऱ्यांच्या शेजारीं केली, त्याचें नांव तीन खंडांत गेलें. रेशीम विकत घेणारे थोडे होते व ते बदलत गेले. राबणारे सर्व देशांत पुष्कळ होते व त्यांची गरज बदलली नाहीं. ज्याला लाखों लोक रोज अंगावर चढवितात, त्याचें नांव विसरलें जाणें कठीण.

आणि आतां हा शब्द घरीं परतला आहे. कारखान्यांतील यंत्रकामगाराच्या निळ्या एकसंध पोशाखास आपल्याकडे ‘डांगरी’ म्हणतात, आणि लहान मुलांच्या पट्ट्याच्या विजारी दुकानांतून ‘डंगरी’ या नांवानें, विलायती वस्तु म्हणून, चांगल्या किंमतीस विकल्या जातात. अलिबागहून किंवा पेणहून मुंबईस खरेदीला आलेलें कुटुंब असा कपडा विकत घेतें, तेव्हां आपल्याच किनाऱ्याचा शब्द आपण परकी वस्तु म्हणून घेत आहों हें त्याच्या ध्यानांतही येत नाहीं. पूर्वीचा कुलाबा व १९८१ पासूनचा रायगड जिल्हा, समोरची मुंबई आणि मधली खाडी, या टापूंत शिडें, मीठ, मासळी व माणसें यांची जी ये-जा शतकानुशतकें चालली, तिच्यांत हा शब्द वाढला. तो नेमका कोणत्या टेकडीवरून निघाला याचा वाद पंडितांनीं खुशाल चालू ठेवावा. तो ज्यांच्या अंगावर होता, त्या शिडें ओढणाऱ्या व ओझीं वाहणाऱ्या माणसांचीं नांवें कोठेंच लिहिलेलीं नाहींत; त्यांच्या कापडाचें नांव मात्र जगाच्या कोशांत कायम आहे.